वाणीचं तप

महाराजानं माह्या जिभेवर तुळशीचं पान ठेवलं तवा अंगणात पंगत बसली होती.

भर दुपारची येळ. पत्रावळीवर पुरणपोळी वाढलेली, अन् लोकाईचे हात तसेच थांबलेले. सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. मी ओसरीच्या पायरीपाशी गुडघे टेकून बसली होती. महाराज म्हणाला, "जीभ बाहेर काढ." मी काढली. बाजारात बैलाचे दात पाह्यतात तशी त्यानं माही हनुवटी वर धरली, अन् पान ठेवलं.

"आजपासून ही बोलणार नाही," तो लोकाईले म्हणाला. "हिनं मौन घेतलं आहे. मौन म्हणजे वाणीचं तप."

मी घेतलं नव्हतं. मले देलं होतं.

आमच्या भागात तुळशीचं पान तोंडात ठेवतात ते मरणाऱ्या माणसाच्या. माही माय तठीच होती, दाराबाहेर. ती माह्या मांगं याच गावात राहाले आली होती अन् त्याच घरच्या, माह्या थोरल्या दिराच्या, वावरात निंदाले, तण काढाले, जायची, म्हणून पंगतीत तिले जागा नव्हती. तिनं पान पाह्यलं अन् हंबरडा फोडला. "माह्या पोरीले जित्तीच मारली हो!" कोणीतरी तिच्या दंडाले धरून तिले बाहेर नेलं. पंगत पुन्हा जेवाले लागली.

तुळशीपत्राचा अजून एक अर्थ हाय. ज्याच्यावर ठेवलं ते सोडलं. घर सोडलं, वावर सोडलं, हक्क सोडला. तो अर्थ माह्या थोरल्या दिराले बराबर माईत होता.

आमचं गाव जळगाव जामोदच्या अलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावातून जळगावले एकच गाडरस्ता. बाजार, कचेरी, सरकारी दवाखाना, सारं त्याच रस्त्यानं. वऱ्हाड तवा नागपूरच्या सरकारात होतं. कचेरीतला कायदा नागपूरचा, पण गावातला कायदा थोरल्या दिराचा. सगळ्यात मोठी जमीन त्याची, सगळ्यात जास्त बैल त्याचे.

माहा नवरा त्याचा धाकटा भाऊ. तापानं गेला. लेकरू नव्हतं. दोघा भावाच्या वाटण्या नवऱ्याच्या जितेपणीच झाल्या होत्या, म्हणून ओढ्याकाठचं वावर माह्या वाट्याले राह्यलं; घर मातर एकच होतं. काळं, कपाशीचं वावर. त्यातला कापूस मी अन् माह्या मायनं येचला. गाड्या भरल्या, अन् थोरल्या दिराच्या नावानं जळगावच्या बाजारात गेल्या. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. तवा मी चावडीवर गेली.

बाईनं चावडीवर जाणं नाही. नवरा मेलेल्या बाईनं तर नाहीच. अन् थोरल्या दिरासमोर तोंड उघडणं म्हणजे तर पाप. मी पदर पुढं ओढून उभी राह्यली अन् इचारलं, "माह्या वावरातला कापूस कुठी गेला?"

एवढंच इचारलं. चावडीवर बसलेले सारे जमिनीकडं पाहाले लागले. थोरला दीर मातर चिडला नाही. तो हुशार माणूस. मारलं असतं तर गाव बोललं असतं. तो लोकाईले म्हणाला, "दुःखानं तिचं मन ठिकाणावर नाही. तिले शांती पाह्यजे. मी करतो बंदोबस्त."

बंदोबस्त म्हणजे महाराज. पुण्याकडून आलेला, गोरा, हसऱ्या तोंडाचा. थोरल्या दिराच्याच घरी उतरला होता. संस्कृत त्याच्या तोंडून असं यायचं की ऐकतच राहावं. पहिल्या दिवशी त्यानं मले ओसरीवर बोलावलं. गावातले मोठे लोक बसले होते.

"काय दुःख आहे तुला?" त्यानं इचारलं.

मी म्हटलं, "मले माहं वावर पाह्यजे. बाकी मले काही नोको."

तो हसला. मले नाही, थोरल्या दिराले म्हणाला, "मले! तुले! ही वाणी आहे की चिखल? असल्या तोंडात सरस्वती यायची कशी? हिनं न बोलणंच बरं."

सारी ओसरी हसली. अन् तठी बसलेला एकएक माणूस घरी 'मले' अन् 'तुले'च बोलणारा होता. थोरला दीरही. तोच सगळ्यात मोठ्यानं हसला. मी मान खाली घालून उभी होती अन् मले पहिल्यांदा माह्या तोंडाची लाज वाटली. वावर मांगाले गेली होती. लाज घेऊन आली.

मौन त्या हसण्यातून निघालं.

खोटं कायले सांगू, मले ते शब्द आवडले होते. सांजेले महाराज बोलायचा, मी भिंतीआडून ऐकायची. वैराग्य. संतोष. प्रत्याहार. कासव कसं पाय आत ओढून घेते, तसं डोळे, कान, जीभ सारं आत ओढून घ्यायचं, म्हणजे प्रत्याहार. मले ते कासव दिसायचं. मौनाचे पहिले दिवस तर मले बरेच वाटले. नवरा गेल्यापासून कोणी ना कोणी मले काहीतरी बोलत होतं, अन् मले जबाब द्यावा लागत होता. आता जबाब नव्हता. ओढ्यावर डोळे मिटून बसली तर श्वास येताना कळायचा, जाताना कळायचा. नवऱ्याचं तोंड डोळ्यापुढं यायचं अन् न दुखवता निघून जायचं. ते खरं होतं. ते मी आजही नाकारत नाही.

पण मंग ते शब्द घरात आले.

वैराग्य आलं तसं माही बाज गेली. जाऊबाई म्हणाली, "महाराज म्हणतात तू भुईवर झोपावं." माह्या लग्नातली पाणी भराची तांब्याची गुंडी तिच्या सैपाकघरात दिसली. मी बोट दाखवलं तर ती म्हणाली, "अपरिग्रह. म्हणजे जवळ काही ठेवाचं नाही." तिले लिहिता-वाचता येत नव्हतं, मलेही नाही. तो अवघड शब्द मातर तिनं न अडखळता म्हटला. महाराजानं तिले शिकवला असन. अन् सांजची शिळी भाकर ताटात आली की तिच्यासंगं संतोषही यायचा.

पहिल्याच दिवशी महाराजानं मले बजावलं होतं, "मौन मोडलंस तर तुझ्या पतीची अधोगती होईल. जिथे तो आहे तिथून खाली पडेल." मी डोळे मिटले की नवरा मले पडताना दिसायचा. खोल खड्ड्यात, हात वर करून. अन् थोरला दीर वेगळं बोलला होता, हळूच, कोणी जवळ नसताना. "तुही माय माह्याच वावरात येते ना निंदाले?" बस, तेवढंच.

मी बोलली नाही.

मंग अंगणातल्या निंबाखाली ओटा बांधला गेला. त्याच्यावर घोंगडी अंथरली. मले पांढरं लुगडं नेसवून त्याच्यावर बसवलं. माहं नाव गेलं. मी मौनीबाई झाली. दर पौर्णिमेले आजूबाजूच्या गावचे लोक यायला लागले. समोर दक्षिणेचं ताट ठेवलेलं असायचं. लोक आपलं दुखणं सांगायचे, मी पाहायची, अन् बाजूले बसलेला महाराज माह्या पाहण्याचा अर्थ सांगायचा. मी शिंकली तर त्याचा अर्थ. मी पाय हलवला तर त्याचा अर्थ. माश्या हाकलल्या तर त्याचाही.

ज्या बाया हळदीकुंकवाच्या दिवशी मले पाहून रस्ता बदलत होत्या, त्याच आता माह्या पायावर डोकं ठेवायच्या. लोकाईले वाटते अपमान म्हणजे लाथ. पायावर डोकं ठेवूनही अपमान होते. माह्या पायाले हात लावणाऱ्या एकाही माणसानं मले कधी इचारलं नाही की, बाई, तू जेवली का?

माही मांगची दाढ किडली होती. ठणका असा की डोळ्यात पाणी यायचं. गाल सुजून वर आला. मी जावेले खुणा करून सांगतलं. महाराजानं पाह्यलं अन् लोकाईले म्हणाला, "पाहा, मुखावर कसं तेज चढतंय."

लोकाईनं हात जोडले.

त्या उन्हाळ्यात गोदा आली.

गोदा माह्याच वयाची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो, एकाच दगडावर धुणं धुतलं. तिचं दूधपितं पोरगं तिच्या मांडीवर होतं. हगवण लागली होती त्याले. टाळू आत बसलेली. डोळे अर्धे उघडे, पण पाहत नव्हते. रडणं बंद झालं होतं. थोड्या-थोड्या येळानं उचकी यायची, बस.

गोदा म्हणाली, "बाई, मी काय करू? जळगावच्या दवाखान्यात नेऊ, का तुमचा अंगारा लावू? सासू म्हणते मौनीबाईले इचार. तुम्ही सांगान तसं करते."

मी हात उचलला. सरळ रस्त्याकडं दाखवला. गाडरस्त्याकडं, जळगावकडं. त्याहून साफ कोणी काही दाखवू शकत नाही.

महाराज म्हणाला, "बाईंनी हात वर केला. त्या म्हणतात, सगळं त्याच्या हाती आहे. ईश्वरप्रणिधान! म्हणजे आपला सगळा भार ईश्वरावर टाकायचा अन् निश्चिंत व्हायचं."

मी मान हलवली. जोरात हलवली. ओट्यावर उभी राह्यली अन् पुन्हा रस्ता दाखवला. तोंड उघडलं. बोलाले गेली. इतके महिने बंद असलेल्या घशातून शब्द नाही आला. आवाज आला. व्यायला आलेली गाय जशी कण्हते, तसा.

"भाव आला! बाईले भाव आला!" लोक ओरडले. सारे खाली वाकले. जावेनं मांगून माह्या कमरेले धरून मले खाली बसवलं अन् दाबून धरलं. महाराजानं पोराच्या कपाळाले अंगारा लावला.

गोदानं माह्याकडं पाह्यलं. तिच्या तोंडावरची भीती गेली होती. तिले बरं वाटलं होतं. पोराले पदराखाली घेऊन ती घराकडं गेली, जळगावच्या रस्त्याकडं पाठ करून. तिची ती पाठ मले अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं गेलं.

काही दिवसानं गोदा नारळ घेऊन आली. माह्या पायावर डोकं ठेवलं अन् म्हणाली, "बाई, त्याच्या हाती हाय असं तुम्ही सांगतलं, म्हणून मी मन घट्ट केलं. नाही तर मी बह्याड झाली असती."

मी दगडासारखी बसली होती. काय करणार होती? मान हलवली असती तरी त्याचा अर्थ लावणारा बाजूलेच बसला होता.

तवापासून ती उचकी माह्या मांगं लागली. दुपारी अंगण रिकामं असायचं, पानही हलत नसायचं, अन् निंबाच्या मांगून उचकी ऐकू यायची. मी वळून पाहायची. कोणी नाही. जेवताना घास तोंडाशी नेला की हात आपोआप थांबायचा अन् रस्त्याकडं वळायचा. मी दुसऱ्या हातानं तो खाली ओढायची. जावेनं ते पाह्यलं, महाराजाले सांगतलं, अन् पुढच्या पौर्णिमेले त्याचाही अर्थ निघाला. बाईचा हात देवाकडं जाते म्हणे. माहं दुःखही त्याईनं ताटात ठेवलं.

गोदा दर पौर्णिमेले यायची. काही मांगायची नाही. ओट्यासमोर बसायची, रिकामी मांडी घेऊन. ती माह्याकडं पाहायची अन् मी तिच्या मांडीकडं.

एकटं राहाले मले एकच जागा होती. पहाटे ज्वारीत जायची ती. परसाकडले जाताना तरी देवी एकटी जाते. ज्वारी डोक्याएवढी झाली होती. तठी मी आवाज शोधाले लागली. आधी नुसता वारा निघायचा. मंग खरखर. मंग एक दिवस शब्द निघाला. "मले." मी दचकली. कोणीतरी मांगं उभं हाय असं वाटलं. पुन्हा म्हणून पाह्यलं. "मले." ज्या शब्दावर ओसरी हसली होती तोच पहिला परत आला. दुसरा नाहीच. मी खाली बसली अन् रडली. पण नवऱ्याची भीती अजून होती. तो पडेल याची. म्हणून ज्वारीतून बाहेर आली की तोंड बंद.

पावसाळ्याच्या शेवटी महाराजाले हिवताप आला.

थंडी अशी वाजली की दातावर दात आपटत होते. दोन-तीन घोंगड्या टाकल्या, काही उपयोग नाही. मी ओसरीवर होती. वाटलं, आता हा अंगारा मांगन. आता म्हणन, ईश्वरप्रणिधान. तो काय ओरडला ते मी माह्या कानानं ऐकलं. "अहो, बघत काय बसलात? डॉक्टरला आणा! दमणी जुंपा! मरेन ना मी!"

थोरल्या दिरानं दमणी जुंपली. माणूस त्याच रस्त्यानं जळगावले गेला अन् दिवस मावळायच्या आत डॉक्टर घेऊन आला. रस्ता होता. बैल होते. डॉक्टर यायले तयार होता. सारं होतं.

डॉक्टरनं कोयनेलचं कडू औषध देलं. तीन-चार दिवसानं महाराज उठून बसला. डॉक्टर पुन्हा पाहाले आला तवा ओसरीवर चहा झाला. डॉक्टर घाईतला, साधा माणूस. त्याचं माह्याकडं लक्ष गेलं. "या बाईंच्या गालाला काय झालंय?"

थोरला दीर म्हणाला, "तिचं मौन हाय."

"मौन असेल. गाल का सुजलाय ते विचारतोय." तो माह्याजवळ आला. "तोंड उघडा, बाई."

इतक्या दिवसात मले तोंड उघड म्हणणारा तो पहिलाच. मी उघडलं. त्यानं आत पाह्यलं. "दाढ पार गेलीये. दवाखान्यात आणा, काढून टाकतो." थोरला दीर म्हणाला, "पाहू." अन् विषय संपला.

पण बसता-बसता डॉक्टरनं महाराजाले सहज इचारलं, "तुम्ही वाणीचं तप म्हणता, ते म्हणजे हेच का? न बोलणं?"

महाराजाच्या अंगात आता ताकद आली होती. समोर शिकलेला माणूस होता. तो हसला अन् म्हणाला, "छे हो. तो अडाणी लोकांचा अर्थ. न बोलणं काय, दगडसुद्धा बोलत नाही. वाणीचं तप म्हणजे खरं बोलणं. दुसऱ्याच्या हिताचं बोलणं. ते कठीण आहे, म्हणून तर ते तप."

मी हातभर अंतरावर बसली होती. त्याले माह्याकडं पाहावंसंही वाटलं नाही. देवाच्या मूर्तीपुढं माणूस जसा काहीही बोलते, तसा तो बोलला.

 त्याले माईत होतं. त्याले पहिल्यापासून माईत होतं. शब्दाचा एक अर्थ त्यानं आपल्या बरोबरीच्या माणसासाठी ठेवला होता अन् दुसरा माह्यासाठी. डॉक्टरले खरा अर्थ, चहासंगं. मले तुळशीचं पान. अन् ज्यानं एवढं खोटं सांगतलं, त्यानं नवऱ्याच्या अधोगतीचं खरं सांगतलं असन कायले?

त्या दिवशी माहा नवरा पडायचा थांबला. मी डोळे मिटले, तो दिसला नाही. उचकी तेवढी ऐकू आली.

पुढची पौर्णिमा. अंगणात पाय ठेवाले जागा नव्हती. महाराज बरा झाला म्हणून जास्तच गर्दी. त्या गर्दीतून हमीदा पुढं आली. गावातल्या पिंजाऱ्याची बायको. तिचा नवरा गाद्यांचा कापूस पिंजायचा. तिच्या कडेवर पोरगी होती, चालाले लागलेली असन. मान टाकलेली. ओठ कोरडे.

"बाई, दो दिन से पाणी बी पोटात टिकत नाही. हगवण हाय. सारे म्हणतात तुमच्या दुव्यानं बरं होते," हमीदा म्हणाली. "काय करू, सांगा."

माहा हात वर गेला. महाराज आधीच तयार होता. "बाई म्हणतात..."

"बाई काही म्हणत नाही," मी म्हटलं. "मी म्हणून राह्यली."

आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला. पण निघाला. 

"हमीदा, पोरीले जळगावच्या दवाखान्यात ने. आत्ताच. अंगारा लावू नोको. कोणाले इचारू नोको. निघ."

हमीदा मले पाहतच राह्यली. मी ओरडली, "निघ म्हटलं ना!" तशी ती वळली अन् गर्दीतून पळत गेली. तिच्या दिराची गाडी रस्त्यावर उभी होती. बैलाच्या घुंगराचा आवाज आला, अन् मंग लांब गेला.

महाराज उभा राह्यला.  "मौनभंग! लोकहो, मौनभंग! हिच्या पतीची अधोगती झाली! या गावावर कोप होईल!"

मी म्हटलं, "वाणीचं तप म्हणजे खरं बोलणं. तूच सांगतलं डॉक्टरले. मी ऐकलं. मंग मले काऊन दगड केलं?"

मी महाराजाले 'तू' म्हटलं. सारं गाव ऐकत होतं.  तो थोरल्या दिराकडं पाहाले लागला.

गोदा पुढंच बसली होती. मले अजून एक सांगाचं होतं. तेच सगळ्यात जड होतं.

"गोदा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी वर हात नव्हता केला. मी रस्ता दाखवला होता. जळगावचा रस्ता. यानं खोटं सांगतलं."

गोदा उठली. हळू-हळू ओट्यापाशी आली. मले वाटलं ती महाराजाच्या अंगावर जाईन. ती माह्यासमोर उभी राह्यली अन् तिनं माह्या तोंडात मारली. सुजलेल्या गालावर.

"मंग तवा काऊन नाही बोलली?" ती ओरडली. "आज तोंड हाय तुले, तवा नव्हतं का? काऊन नाही बोलली व तू?"

माह्या घशातून शब्द निघाला नव्हता, हे मी तिले सांगू शकत होती. माह्या मायेची भीती, नवऱ्याची भीती, सारं सांगू शकत होती. नाही सांगतलं. ज्या बाईची मांडी रिकामी हाय तिच्यापुढं माही भीती मी कोणत्या तोंडानं ठेवू? मी उभी राह्यली. तोंडात रक्त आलं होतं. ती मारत राह्यली, मंग दमली, अन् खाली बसून पोराचं नाव घेऊन रडाले लागली. पोरगं गेलं त्या दिवसापासून तिनं ते नाव घेतलं नव्हतं. मन घट्ट केलं होतं ना.

थोरल्या दिरानं मले ओट्यावरून खाली ओढलं. लाथा घातल्या. आता गावाची लाज नव्हती. मी भ्रष्ट झाली होती, भ्रष्ट बाईले मारता येते. माय दाराबाहेरून धावत आली अन् तिनं मले उचललं. त्याच दुपारी आम्ही दोघी गाव सोडून त्या रस्त्यानं पायी निघालो. नेसत्या लुगड्यानिशी. ऊन होतं. मी सारा रस्ता बोलत होती. काय बोलत होती ते मले आठवत नाही. माय नुसती हुंकार देत 'हाव, हाव' म्हणत होती.

हमीदाची पोरगी जगली. दवाखान्याच्या ओसरीवर ती हमीदाच्या मांडीवर पडलेली मी पाह्यली. डोळे उघडे होते, अन् ते पाहत होते. हमीदानं माहा हात धरला. मी सोडवून घेतला. एक पोरगी जगली म्हणून दुसऱ्याचं पोरगं परत येत नाही. उचकी थांबली नाही. आजही थांबली नाही. मी तिले आता हाकलतही नाही. ती मले झोपू देत नाही, ते बरंच करते.

माही दाढ त्या डॉक्टरनं काढली. मले अन् मायले जळगावच्या जीनमधी काम भेटलं, सरकी अन् कापूस वेगळं कराचं. दिवसभर रुईची धूळ नाकातोंडात जाते. पण शिळी भाकर आम्ही शिळी म्हणूनच खातो. तिले दुसरं नाव देत नाही. वावरासाठी मी कचेरीत अर्ज केला. कारकून म्हणाला, बाई, साफ बोला, काय म्हणता ते कळत नाही. मी म्हटलं, "मले माहं वावर पाह्यजे. कळलं नसन तर पुन्हा सांगते." वावर अजून थोरल्या दिराच्याच ताब्यात हाय. मी दर तारखेले जाते अन् पुन्हा सांगते.

हे सांगून मी थांबली असती. पण थोरल्या दिरानं ओटा रिकामा ठेवला नाही.

तो महाराज गेला, दुसरा आला. हाही गोड बोलते म्हणे. अन् ओट्यावर आता जावेची भाची हाय. सुभद्रा. पोट्टी हाय अजून. लग्न झालं अन् वर्षात नवरा गेला. तिच्या बापाले तिले पोसणं होत नव्हतं. पांढरं लुगडं नेसवून बसवली. मौनीबाई. नाव तेच, बाई नवी. लोकही तेच.

मी गेली. पौर्णिमेले, पायी. अंगणात नाही गेली, अंगण त्याचं हाय. अंगणापुढच्या रस्त्यावर उभी राह्यली. रस्ता कोणाच्या बापाचा नाही. येणाऱ्या बाईले सांगतलं, पोरगं बिमार असन तर पुढं जा, जळगावले जा, अठी थांबू नोको. कोणी ऐकलं, कोणी थुंकलं. पोराईनं गोटे मारले. मंग मी अंगणाकडं तोंड करून ओरडली, "सुभद्रे! तुही बाज कोणी नेली? तुले दूध भेटते का? तुह्या नवऱ्याचं वावर कोणाच्या नावावर हाय? सांग, पोरी!" तिनं पाह्यलं नाही. डोळे मिटून बसली होती. तिच्या मिटलेल्या डोळ्यात कोण खोल खड्ड्यात पडून राह्यलं असन, ते मले माईत हाय.

गोदा त्या गर्दीत असते. माह्याशी बोलत नाही. तिनं बोलावं असं मी कधी म्हटलंही नाही.

एवढ्या दिवसात मी एकच शिकली. वैराग्य, संतोष, मौन, कोणताही मोठा शब्द असो, त्याचा अर्थ सांगणाऱ्याले इचाराचा नाही. ज्याच्या अंगावर तो शब्द टाकला, त्याले इचाराचा. तिची बाज कुठी गेली ते पाहाचं. तिचं पोरगं कुठी गेलं ते पाहाचं. मंग अर्थ कळते.

उद्या पौर्णिमा हाय. जीनमधी खाडा पडन, पडू द्या. पहाटेच निघालं म्हणजे लोक यायच्या आधी पोचता येते. थोरल्या दिरानं निरोप पाठवला हाय की या येळी हातपाय मोडून ठेवीन. ठेवू दे. त्या रस्त्यावरून मले हटवाचं असन तर चौघाईनं उचलून न्यावं लागन. माह्या पायानं मी मांगं सरकणार नाही.